उजनीच्या बेटांवर सुरयांची वीण कशी मोजावी

सोलापूरच्या एका पक्षिनिरीक्षक गटाचा प्रश्न असा आहे: उन्हाळ्यात भीमा नदीवरील उजनी धरणाचे पाणी उतरले, की करमाळा तालुक्याच्या बाजूला फुगवट्यात, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्यात, एक लहान बेट उघडे पडते आणि त्यावर नदी सुरय (रिव्हर टर्न) व छोटे आर्ली (स्मॉल प्रॅटिनकोल) हे पक्षी अंडी घालतात. सागरी बेटांवरील पक्ष्यांच्या वसाहतींवर जशी वर्षानुवर्षे देखरेख ठेवली जाते, तशी येथे ठेवता येईल का? येत असल्यास नेमके काय मोजावे, बेटावर किती वेळा उतरावे आणि ड्रोन वापरावा का?

ठेवता येईल. नदी सुरय गोड्या पाण्यावर जगत असला तरी तो कुरवांच्या (गल) कुळातलाच पक्षी आहे, त्याची वीण सागरी सुरयांसारखीच उघड्या जमिनीवर आणि थव्याने होते, त्यामुळे समुद्रावर तयार झालेल्या मोजणीच्या पद्धती त्याला बऱ्याच अंशी लागू पडतात. मात्र या पद्धतींची मार्गदर्शके बहुतेक थंड हवेच्या बेटांवर काम करणाऱ्यांनी लिहिली आहेत. पाऊस आणि गार वारा असताना वसाहतीत शिरू नये, असे ती बजावतात. आपल्याकडे पिल्लू गारठून नव्हे, तर उन्हाच्या चटक्याने मरते. हा एक फरक नीट लक्षात घेतला, की वेळापत्रकापासून कुंपणापर्यंत अनेक गोष्टी बदलाव्या लागतात.

समुद्रावरील कामातून काय घ्यावे, हे आधी सांगतो. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये सागरी पक्ष्यांची देशव्यापी मोजणी 1969-70, 1985-88, 1998-2002 आणि 2015-21 अशी चार वेळा झाली. मोजणारी माणसे बदलली, दुर्बिणी बदलल्या, तरी हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून बोलता येते, कारण कोणत्या जातीसाठी कोणते एकक मोजायचे, हे ठरलेले होते. कड्याच्या अरुंद कंगोऱ्यावर घरट्याशिवाय एकच अंडे घालणाऱ्या जातीत घरटे मोजता येत नाही, म्हणून तेथे पक्षी मोजतात. बिळात राहणाऱ्या जातीत बिळाच्या तोंडाशी ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून आतून उत्तर येते का ते पाहतात. आणि सुरयांच्या बाबतीत घरटी मोजतात. आपल्याकडे वेंगुर्ल्यासमोरील खडकाळ बेटे किंवा लक्षद्वीपमधील पिट्टीचे वाळूचे बेट येथे सुरयांची वीण होते, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. परंतु ‘बेटावर असंख्य पक्षी होते’ एवढी नोंद कितीही जुनी असली, तरी पुढच्या वर्षी पक्षी वाढले की घटले, हे त्यावरून ठरत नाही.

म्हणून पहिले काम म्हणजे वहीच्या पहिल्या पानावर एककाची व्याख्या लिहिणे. माझ्या मते नदी सुरयासाठी ‘वापरातले घरटे’ म्हणजे ज्या खळग्यात किमान एक अंडे किंवा नुकतेच फुटलेले पिल्लू आहे, किंवा ज्यावर प्रौढ पक्षी अंडी उबवण्याच्या पवित्र्यात आहे, असा खळगा. नुसते उकरलेले रिकामे खळगे यात धरू नयेत. एक जोडी अंडी घालण्यापूर्वी असे अनेक खळगे उकरून पाहते. ‘उबवण्याच्या पवित्र्यात’ या शब्दांतही एक मेख आहे. सकाळी सुरय अंड्यांवर बसलेला असतो, पण ऊन चढले की तो उठून पंख किंचित सैल सोडून अंड्यांवर नुसता उभा राहतो, म्हणजे स्वतःच्या अंगाची सावली धरतो. मधूनच पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येतो आणि त्या ओलाव्याने अंडी गार ठेवतो. हे ठाऊक नसलेला निरीक्षक दुपारी दुर्बिणीतून पाहतो आणि उभे पक्षी ‘विश्रांती घेणारे’ म्हणून सोडून देतो. सकाळची आणि दुपारची मोजणी जुळत नाही, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

छोट्या आर्लीची गोष्ट निराळी आहे. त्याचे घरटे म्हणजे वाळलेल्या गाळातला एक उथळ खोलगट भाग, कधी कधी तर ओल्या चिखलात उमटून नंतर कडक झालेला गुराच्या खुराचा ठसा. त्यात राखी-वाळूच्या रंगाची, तपकिरी ठिपक्यांची दोन-तीन अंडी असतात आणि हातभर अंतरावर उभे राहूनही ती पटकन दिसत नाहीत. माणूस जवळ आला, की प्रौढ पक्षी पंख मोडल्याचे सोंग करून जमिनीवर फडफडत त्याला दूर नेतो. आर्लीची घरटी दुरून मोजता येत नाहीत आणि जवळ जाऊन मोजताना ती पायाखाली येण्याचा धोका मोठा. पहिल्या हंगामात आपण आर्लीची घरटी शोधूच नयेत, केवळ प्रौढ पक्ष्यांची संख्या आणि असे सोंग करणाऱ्या जोड्या नोंदवाव्यात, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. सुरयांची आणि आर्लींची नोंद कधीही एकत्र करू नये.

आता पाण्याविषयी, कारण उजनीवर वीण यशस्वी होते की फसते, हे बऱ्याच अंशी पाणीच ठरवते. समुद्रातले बेट भरती-ओहोटी सोडता जागेवर असते. उजनीतले बेट मात्र दर आठवड्याला आकार बदलते. धरणाची एकूण साठवण सुमारे 117 टीएमसी असून त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत साठा, म्हणजे नेहमीच्या वापरासाठी न धरलेले तळाचे पाणी, आहे. जलपातळी 491.03 मीटरवर आली, की उपयुक्त साठा शून्य होतो आणि त्याखाली वर्तमानपत्रे ‘उजनी उणे’ अशा टक्केवारीत बातम्या देऊ लागतात. 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेली होती. मार्चमध्ये चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला उंचवटा एप्रिलअखेर एका बाजूने काठाला जोडला गेला, की ते बेट राहत नाही. मग भटकी कुत्री, कोल्हे, मुंगूस, मेंढरांचे कळप आणि गाळपेर करायला आलेली माणसे चालत तेथे पोहोचतात. विणीच्या काळात फुगवट्यातली घरटी सहसा बुडत नाहीत, कारण पाणी उतरतच असते. ती जमिनीच्या वाटेने लुटली जातात. धरणाच्या खालच्या अंगाला परिस्थिती नेमकी उलटी असते. सोलापूर शहरासाठी औज बंधाऱ्यापर्यंत भीमेच्या पात्रात पाणी सोडले, की पात्रातल्या वाळूच्या पट्ट्यांवर अंडी असतील तर ती एका रात्रीत वाहून जाऊ शकतात. एकच आवर्तन धरणाच्या वरच्या बाजूला बेट काठाला जोडते आणि खालच्या बाजूला घरटे बुडवते.

म्हणून आपल्या नोंदवहीत प्रत्येक भेटीच्या दिवशीची जलपातळी मीटरमध्ये असलीच पाहिजे. ती जलसंपदा विभागाकडून रोज प्रसिद्ध होते. त्याच्याच शेजारी बेट आणि काठ यांच्यातल्या सर्वांत अरुंद जागी पाणी किती रुंद आणि अंदाजे किती खोल आहे, हे लिहावे. दोन-तीन हंगामांत ‘अमुक पातळीला हे बेट जोडले जाते’ हा आकडा आपल्या हाती येईल. माझ्या दृष्टीने तो घरट्यांच्या संख्येपेक्षाही मोलाचा असेल, कारण पातळी त्या आकड्याच्या जवळ येऊ लागली की वन विभागाला आणि गावाला आधी सावध करता येईल.

मोजणीच्या पद्धतींत पहिली पसंती दुरून मोजण्याला द्यावी. समोरच्या काठावरील उंच जागा किंवा पुरेशा अंतरावर नांगरलेली होडी, तिपाईवरील स्पॉटिंग स्कोप, आणि बेटाचे ठळक खुणांनुसार केलेले चार-पाच भाग. प्रत्येक भाग दोघांनी स्वतंत्रपणे मोजावा, आकडे एकमेकांना न सांगता लिहावेत, आणि फरक फार आला तर पुन्हा मोजावे. होडीतून स्कोप हलतो, त्यामुळे काठावरची जागा मिळत असेल तर ती सोडू नये. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत आठवड्यातून एक अशी दूरची मोजणी झाली, तर हंगामाची चढउतार नीट दिसते.

प्रत्यक्ष बेटावर उतरून घरटी मोजणे हंगामात एकदा, फार तर दोनदा, तेही परवानगी हाती असेल तरच करावे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूर जिल्ह्यात पारा 42 ते 44 अंशांपर्यंत जातो आणि उघड्या वाळूचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी अधिक तापतो. अंड्यातला जीव साधारण 37-38 अंशांना नीट वाढतो आणि चाळिशीच्या पुढे थोडा वेळही धोक्यात येतो. म्हणजे दुपारी आपण वसाहत उठवली आणि पक्षी अर्धा तास घिरट्या घालत राहिले, तर आपण जे मोजायला गेलो तेच आपल्या हातून संपेल. सूर्योदयानंतरच्या पहिल्या दीड तासातच उतरावे, एका भागात वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये, आणि नऊच्या सुमारास ऊन तापू लागले की मोजणी अर्धी राहिली तरी परत फिरावे. बेटावर किंवा जवळच्या झाडांवर गावकावळे दिसत असतील, तर त्या दिवशी उतरूच नये. पक्षी हवेत उठताच कावळा अंडे उचलतो, आणि माणसामागे गेले की खायला मिळते, हे तो फार लवकर शिकतो.

उतरल्यावर माणसांनी एका रांगेत, एकमेकांपासून दोन-तीन मीटर अंतर ठेवून, पाऊल न उचलता सरकवत चालावे. पहिला गट दिसलेल्या प्रत्येक घरट्यापासून ठरावीक अंतरावर आणि ठरावीक दिशेला एक चपटा दगड ठेवतो. काठ्या किंवा झेंडे लावू नयेत. ते कावळ्यांना आणि माणसांनाही वाट दाखवतात. मागोमाग दुसरा गट तोच भाग पुन्हा चालतो आणि दगड असलेली व नसलेली घरटी वेगळी मोजतो. समजा, पहिल्या गटाने 40 घरट्यांजवळ दगड ठेवले, दुसऱ्याला 36 घरटी सापडली आणि त्यांतल्या 32 जवळ दगड होते. म्हणजे दुसऱ्याला सापडलेल्या 36 पैकी 32 पहिल्याला दिसली होती. 40 ला 36 ने गुणून 32 ने भागले की 45 येतात, आणि हा त्या भागातील घरट्यांचा अधिक विश्वासार्ह अंदाज होय. कोणाची नजर किती तीक्ष्ण, यावरचे वाद या एका हिशेबाने मिटतात. मोबाइलमधील जीपीएसवर मात्र विसंबू नये. त्याची चूक काही मीटरची असते आणि दाट वसाहतीत घरटी त्याहून जवळ असतात.

पक्षी उठवून हवेत मोजण्याची एक पद्धतही आहे, आणि ब्रिटनमध्ये तीन उडत्या पक्ष्यांमागे दोन घरटी असे ढोबळ गुणोत्तर वापरले जाते. ते तेथील जातींवरून आणि तेथील हंगामावरून आले आहे. उजनीवर ते थेट लावू नये. शिवाय कधी कधी कोणतेही कारण दिसत नसताना सगळी वसाहत एकाएकी गप्प होते, सारे पक्षी एकदम खालून पाण्यावर झेपावतात आणि मिनिटाभरात परततात. सुरयांचा तो स्वभाव आहे. ती आपण केलेली अडचण समजू नये, पण वेळ लिहून ठेवावी. असे वारंवार होऊ लागले, तर रात्री कोणी प्राणी फिरतो आहे का, हे सकाळी ओल्या गाळावरील पायांच्या ठशांवरून पाहावे.

घरट्यांची संख्या म्हणजे विणीचे यश नव्हे. पहिली अंडी गेली, की बरेच सुरय पुन्हा घालतात. त्यामुळे हंगामभरातील सगळ्या घरट्यांची बेरीज जोड्यांच्या संख्येपेक्षा मोठी येते. जोड्यांसाठी एका दिवसातील सर्वाधिक आकडाच वापरावा. अंडी फुटण्याचे प्रमाण काढताना आणखी एक चकवा बसतो. जी घरटी दोन दिवसांत नष्ट झाली, ती आपल्याला कधी दिसलीच नाहीत. जी टिकली, तीच सापडली. यावर अमेरिकी पक्षिनिरीक्षक हॅरोल्ड मेफील्ड यांनी 1961 मध्ये सुचवलेला उपाय आजही सोपा आणि पुरेसा आहे. काठावरून ओळखता येणारी तीस घरटी निवडली, त्यांची देखरेख सगळी मिळून 300 ‘घरटे-दिवस’ (एक घरटे एक दिवस पाहिले, की एक घरटे-दिवस) झाली आणि त्यात नऊ घरटी गेली, असे धरू. वरवर पाहता 30 पैकी 21 टिकली, म्हणजे 70 टक्के यश. पण एका दिवसाला घरटे जाण्याची शक्यता 9 भागिले 300, म्हणजे तीन टक्के. टिकण्याची 97 टक्के. उबवण्याचा काळ साधारण 22 दिवस धरला, तर 0.97 चा बावीस वेळा गुणाकार सुमारे 0.51 येतो. खरे यश निम्म्याच्या आसपास आहे, 70 टक्के नाही. याच चुकीमुळे चांगल्या वाटणाऱ्या वसाहती प्रत्यक्षात आटत जातात आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

पिल्लांची मोजणी सर्वांत कठीण. सुरयाचे पिल्लू दोन-तीन दिवसांतच खळगा सोडून जवळच्या दगडाच्या किंवा गवताच्या सावलीत दडते आणि धोक्याची हाक आली की जमिनीला चिकटून पडून राहते. थंड देशांत वसाहतीच्या एखाद्या भागाभोवती बुटके कुंपण घालून पिल्ले तेथेच राहतील असे करतात. येथे ते करू नये; सावली किंवा पाणी गाठता आले नाही, तर कुंपणातले पिल्लू उन्हात मरेल. त्याऐवजी संध्याकाळी काठावरून, प्रौढ पक्षी मासे घेऊन येत असताना, पूर्ण पिसांची मोठी पिल्ले आणि नुकती उडू लागलेली पिल्ले मोजावीत. त्या हंगामातील सर्वाधिक घरट्यांनी या पिल्लांच्या संख्येला भागले, की ‘जोडीमागे उडालेली पिल्ले’ हा आकडा मिळतो. तो कमी-अधिक प्रमाणात अपुराच असतो, परंतु दरवर्षी त्याच पद्धतीने काढला तर तुलनेला पुरतो.

अडथळ्यांची नोंद पक्ष्यांच्या नोंदीइतकीच काटेकोर हवी: कुत्र्यांचे ठसे, मेंढरांच्या लेंड्या, वाळू उपशाच्या बोटी, वाळत घातलेली जाळी, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला आलेल्या पर्यटकांच्या होड्या किती जवळून गेल्या. यात मच्छीमारांना विरोधक समजू नये. चिलापी माशांच्या जाळ्यांसाठी ते पहाटे पाण्यावर असतात, बेटावर पक्षी कधी बसले आणि कधी उठले हे त्यांना आपल्या आधी कळते, आणि जाळी दुसऱ्या उंचवट्यावर वाळत घाला अशी विनंती केली तर बहुतेक जण ऐकतात. कोणी किती मोजले यापेक्षा कोणी किती लोकांशी बोलून ठेवले, यावर अशा बेटाचे भवितव्य अधिक ठरते, असे माझे मत आहे.

ड्रोनचे उत्तर थोडक्यात. पहिल्या दोन हंगामांत नको. उंचावरून घेतलेल्या छायाचित्रांत सुरय मोजता येतात, हे खरे. पण त्यांना तो घारीसारखाच वाटू शकतो, बुजणे जातीगणिक वेगळे असते, आणि धरणक्षेत्रात उड्डाणाच्या परवानगीचा प्रश्न निराळाच आहे. परवानगीची बाब केवळ ड्रोनपुरती नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणे येते. नदी सुरय आता धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ वर्गात आहे. तेव्हा बेटावर उतरण्यापूर्वी सोलापूरच्या उपवनसंरक्षकांकडे लेखी अर्ज करावा, त्यात भेटींच्या तारखा आणि माणसांची संख्या द्यावी, आणि अंडी हाताळणे किंवा पाण्यात तरंगवून त्यांचे वय काढणे हे अर्जातही ठेवू नये. आपल्या प्रश्नांना त्याची गरज नाही. विणीच्या काळात बेटाचे नेमके ठिकाण आणि घरट्यांची जवळून काढलेली छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत. हंगाम संपल्यावर टाकावीत.

पाण्यावरील सुरक्षेबद्दल तडजोड नको. मे 2024 मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जणांचा जीव गेला, तो याच जलाशयात आणि याच हंगामात. वळवाचा वारा दुपारनंतर अचानक उठतो. सकाळी उतरून सकाळीच काठाला लागण्याचे पक्ष्यांसाठीचे वेळापत्रक माणसांसाठीही योग्य आहे. संध्याकाळची पिल्लांची मोजणी काठावरूनच करावी. प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जॅकेट बांधलेले असावे. होडीच्या तळाशी ठेवलेल्या जॅकेटचा काही उपयोग नाही.

शेवटी नोंदींविषयी. प्रत्येक भेटीची एक ओळ असावी: तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, मोजणारे कोण, कोठून मोजले, जलपातळी, वारा, भागनिहाय घरटी, प्रौढ पक्षी, मोठी पिल्ले, अडथळे, आणि बेटावर उतरला असाल तर आपण निघाल्यावर पक्षी पुन्हा बसायला किती मिनिटे लागली. ज्या दिवशी गेलो आणि काहीच नव्हते, त्या दिवशी शून्य लिहावे. ज्या दिवशी गेलोच नाही, त्या दिवशी रकाना रिकामा ठेवावा. या दोहोंत गल्लत झाली, तर दहा वर्षांनी वही उघडणाऱ्याला वसाहत संपली होती की निरीक्षक लग्नसराईत अडकले होते, हे कळणार नाही. वहीची छायाचित्रे त्याच दिवशी गटातील दोघांकडे गेली पाहिजेत, आणि एककाची व्याख्या असलेले पहिले पान दरवर्षी नव्या वहीत जसेच्या तसे उतरवून घ्यावे. व्याख्येत बदल केलाच, तर कोणत्या तारखेपासून केला हे त्याच पानावर लिहावे आणि त्या एका हंगामात जुन्या व नव्या अशा दोन्ही व्याख्यांनी मोजावे.